भाजलेले एग रोल, वाँटन आणि आपली सारणं

ओली_कोथिंबीर
मंडळी, फेब्रुवारीत शेजाऱ्यांकडे सुपर बोलची पार्टी असते. त्या फुटबॉलमधलं आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नाही, पण प्रत्येक जण काहीतरी खायला घेऊन जातो आणि गेली तीन वर्षं 'तू समोसे आण' हे माझ्या कपाळी लिहिलेलं आहे. यंदा समोसे करणार नाही असं जाहीर केलंय. तळणही नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये कढई चढवली की धुराचा अलार्म बोंब ठोकतो, आणि मग नवरा दहा मिनिटं त्याच्याखाली टॉवेल फडफडवत उभा. असं चालतं आमच्या घरातलं तळण.

इकडे दुकानात टोफूच्या शेजारी फ्रिजमध्ये तयार पाऱ्यांची पाकिटं मिळतात. मोठा चौकोन साधारण साडेसहा-सात इंचांचा, तो एग रोलचा, म्हणजे सारण भरून गुंडाळायच्या चायनीज रोलचा. छोटा साडेतीन इंचांचा, तो वाँटनचा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पुडीचा. पीठ दोन्हीचं एकच: मैदा, पाणी, मीठ आणि बहुतेक वेळा अंडं. अमेरिकन लोक यात काय वाट्टेल ते भरतात. फिलाडेल्फियावाले चीझस्टेक भरतात, कुणी काळा घेवडा आणि मका, कुणी बफेलो सॉसमधलं चिकन. क्रॅब रंगून म्हणजे वाँटनमध्ये खेकडा आणि क्रीम चीज. रंगूनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तो इकडचाच शोध. म्हटलं, हे लोक इतकं भरतात तर आपण का मागे राहा.

रविवारी रंगीत तालीम केली. बटाटेवड्याची भाजी भरली, सहा एग रोल वळले आणि ४०० फॅरनहाइटला वीस मिनिटं भाजले. टोकं खापरासारखी कडक, मधला भाग चिवट, वरून पिठाचे पांढरे डाग. मुलीने एक चावून बघितला आणि 'आई, हे शिजलंय का?' असं अगदी हळू आवाजात विचारलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

कुणी भाजून केलेत का? आणि भरायला काय घेतलंत? चायनीज कोबी-गाजर सांगू नका, ते तिथे आणखी चार घरांतून येणार आहे.

कढईबहाद्दर
तळा की सरळ. भाजलेला एग रोल म्हणजे उकडलेली चकली.

ओली_कोथिंबीर
@कढईबहाद्दर, अलार्म बंद करायला या तुम्ही. टॉवेल आमचा.

साटा_आणि_मुरड
अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या करंजीत आहे. करंजीच्या पारीत कडकडीत मोहन असतं, वर साटा लावतो, म्हणून ती खुसखुशीत होते. एग रोलच्या पारीत मोहनाचा थेंब नसतो. तळताना बाहेरचं तेल ती कसर भरून काढतं. पारीतलं पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं, त्याचेच ते छान फोड येतात. ओव्हनमधली हवा तितक्या वेगाने उष्णता देत नाही. फोड यायच्या आत पारी वाळून जाते. म्हणून भाजलेल्या रोलकडून तळलेल्याची अपेक्षा ठेवूच नकोस. तो खाकऱ्याच्या जातीचा कुरकुरीतपणा असतो. तो मिळवायचा असेल तर मात्र पथ्यं आहेत.

पहिलं तेलाचं. रोल झाला की सगळ्या बाजूंनी ब्रशने तेल लाव, अगदी टोकांच्या घड्यांतसुद्धा. पाऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरलेलं असतं. तेल पोचत नाही तिथे ते तसंच कोरडं राहतं, तेच तुझे पांढरे डाग. स्प्रेचा फुसफुसाट पुरत नाही, ब्रशच घे.

दुसरं थरांचं, आणि तुझी खरी गडबड इथेच झालीये. मोठ्या पारीत चमचाभर भाजी ठेवून चार वेढे दिले की आतले वेढे भाजले जातच नाहीत. त्यांना बाहेरची हवा लागत नाही आणि आतून बटाट्याची वाफ लागते. म्हणजे एका अंगाने भाजणं आणि दुसऱ्या अंगाने उकडणं. मुलीचा प्रश्न रास्त होता. सारण जरा जास्त घे, दोन-तीन मोठे चमचे, म्हणजे पारी कशीबशी दीड वेढा पुरेल. नाहीतर सरळ वाँटन कर. तिथे बहुतेक ठिकाणी एकच थर असतो. भाजायला मी कायम वाँटनच घेते.

तिसरं, सारण थंडगार हवं. गरम भरलंस तर पारी वळता वळता फाटते.

जाळीच्या रॅकवर ठेव, खालूनही हवा लागते. रॅक नसेल तर ट्रे आधी ओव्हनमध्ये तापव, मग त्यावर मांड. ४०० ला मोठे रोल पंधरा ते अठरा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. वाँटन आठ-दहा मिनिटांत होतात, पण सहाव्या मिनिटापासून दाराशी उभी राहा. कडा आधी काळ्या पडतात.

दाणेकूट
+१. मैद्याची खळ करून कडा चिकटवा. नुसतं पाणी लावलं तर ओव्हनमध्ये वाळून सुटतात. आणि उरलेल्या पाऱ्यांवर ओलसर फडकं टाका, नाहीतर पाचव्या रोलपर्यंत पापड झालेले असतात.

सोमवार_गुरुवार
अंडं नसलेल्या पाऱ्या मिळतात का? आमच्याकडे सासूबाईंना चालत नाही.

साटा_आणि_मुरड
@सोमवार_गुरुवार, गोठवलेली स्प्रिंग रोलची पानं बहुतेक नुसत्या मैद्या-पाण्याची असतात, तरी पाकिटामागची यादी वाचूनच घ्या. ती पातळ असतात, भाजायला उलट बरी. दोन पानं एकमेकांवर घेतलीत तर मध्ये तेलाचा हात फिरवा. घरी करायची तर मैदा, मीठ, पाणी, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि कॉर्नफ्लोअर लावत इतकं पातळ लाटा की खालचा ओटा दिसला पाहिजे.

लेक_टाउन
अवांतर: मी दहा वर्षं कोलकात्यात आहे. शीर्षक वाचून वाटलं पराठ्यावर अंडं फोडून, आत कांदा-मिरची घालून कागदात गुंडाळतात तो एग रोल. तो ओव्हनमध्ये कशाला घालता, असा प्रश्न पडला. इथे 'एग रोल' म्हटलं की दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही.

ओली_कोथिंबीर
@लेक_टाउन, तोही करून खाल्ला असता, पण तो न्यायचा कसा! 

@साटा_आणि_मुरड, काय समजावलंयस! चार वेढेच दिले होते मी, अगदी गादी गुंडाळल्यासारखे. आता वाँटनच. सारणाचं सांगा कुणीतरी.

नागपूरची_थंडी
ताई, तुमच्या आयडीतच उत्तर आहे. सांबारवडी करा!

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबरचं सांबार डोक्यातून काढा. थंडीत बाजारात सांबाराचे ढीग लागले की घरोघरी सांबारवडी होते, कुणी पुडाची वडी म्हणतं. बेसन-मैद्याची पारी, आत चिंचेच्या कोळाचा आणि मसाल्याचा हात, त्यावर कोथिंबिरीचं सारण, मग पाकिटासारखी घडी घालून तळायची आणि कढीबरोबर खायची. आता मला सांगा, हा एग रोल नाही तर काय आहे? आमच्या आज्जीने चीनचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मी हे सारण वाँटनमध्ये भरून तीन वेळा भाजलंय, तेव्हा छातीठोकपणे सांगते. कोथिंबीर आदल्या रात्री धुवून पंचावर पसरायची. सकाळी हाताला गार लागली तर ती अजून ओली आहे, पंख्याखाली आणखी तासभर ठेवायची. चिरताना सुरीला पाणी सुटता कामा नये. कढईत जरा जास्त तेल, त्यात तीळ, खसखस, चारोळी, किसलेलं सुकं खोबरं, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, थोडा काळा मसाला. गॅस बंद करायचा आणि मगच कोथिंबीर घालून नुसती वरखाली करायची. शिजवायची नाही. मीठ आणि लिंबू अगदी भरायच्या वेळी. आधी मीठ घातलंत की पाच मिनिटांत खाली हिरवं पाणी दिसेल, आणि ते पाणी पारी पिणार.

चिंच-गुळाचा दाट कोळ, काळा मसाला आणि तेल एकत्र करून पारीच्या आतल्या बाजूला बोटाने पुसटसा हात द्यायचा. कडा मात्र सोडायच्या, तिथे तेल लागलं तर चिकटत नाहीत. यात गंमत अशी की सारणातलं तेल पारीला आतून भाजतं. तळलेल्या वडीची सर येत नाही, खोटं कशाला सांगू. पण कोथिंबिरीचा वास तळणीत जातो तितका जात नाही, हिरवा रंगही टिकतो.

साटा_आणि_मुरड
@नागपूरची_थंडी, वाह! 'आतून भाजतं' हे अगदी खरं. कोरडं पण तेल धरलेलं सारण ओव्हनला सगळ्यात चांगलं. म्हणून झुणकाही मस्त होतो. पिठलं नव्हे हं, झुणका. बेसन पाणी धरून ठेवतं. मी कांदा भरपूर घालून, मोकळा होईपर्यंत परतून भरते.

मडगांव_पॅसेंजर
गोव्याहून हजेरी. घरी चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज, असतंच. ते साल काढून, कांदा घालून त्याच्याच चरबीत परतलं आणि उकडलेला बटाटा कुस्करून मिसळला. बटाटा लाल चरबी पिऊन घेतो, मग ती बाहेर येत नाही. पहिल्यांदा बटाट्याशिवाय केलं होतं, तेव्हा ट्रेमध्ये लाल तळं झालं आणि वाँटन त्यात खालून तळले गेले. खरं सांगायचं तर तेच जास्त चांगले लागले. व्हिनेगरचा आंबटपणा आत असतो, चटणी लागत नाही. मीठ अजिबात घालू नका.

कढईबहाद्दर
म्हणजे शेवटी तळलेलेच चांगले लागले ना? माझं म्हणणं संपलं.

पुरणयंत्र
माझी फजिती नोंदवून ठेवते, पुढच्याला उपयोग होईल. होळीला पुरण उरलं म्हणून एग रोलमध्ये भरलं. आई म्हणायची, पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे. माझं राहत नव्हतं, कललं होतं थोडं. म्हटलं चालतंय. बाराव्या मिनिटाला ओव्हनमधून करपलेल्या गुळाचा वास. चार रोल एका टोकाला उकललेले, गूळ ट्रेवर सांडून काळी काच झालेली. तो ट्रे दोन दिवस गरम पाण्यात भिजत होता आणि येता-जाता मला हिणवत होता.

दुसऱ्यांदा पुरण पुन्हा आटवलं, उलथनं खांबासारखं उभं राहिल्यावर गॅस बंद केला, फ्रिजमध्ये गार केलं आणि वाँटनमध्ये अगदी छोटा चमचा भरला. वरून तेलाऐवजी तूप. एकही फुटला नाही. जायफळ जरा जास्त घाला, मैद्याची पारी वास खाते.

ओली_कोथिंबीर
@पुरणयंत्र, कललेलं उलथनं! ही परीक्षा बटाट्याच्या भाजीलासुद्धा लावायला हवी होती मी.

तीनशे_सदुसष्ट
खिमा भरला तर? मटणाचा खिमा घरात कायम असतो.

दाणेकूट
@तीनशे_सदुसष्ट, भरा, पण आधी पूर्ण शिजवून, सुका करून. आठ-दहा मिनिटांत कच्चा खिमा आत शिजेल या भरवशावर राहू नका. वाटाणे घालू नका, पारीला भोकं पाडतात.

सोडे_आणि_जवळा
आमचं खाणं मुद्द्याचं. सुका जवळा भाजून, कांदा-आमसूल घालून परतला आणि वाँटनमध्ये भरला. चव? काय सांगू, टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी). पण ओव्हन! तीन आठवडे केक बंद. त्यानंतर नानकटाई केली तर मुलगा म्हणाला, 'यात मासे आहेत का?' जवळा करायचा तर एअर फ्रायरमध्ये करा आणि तो बाल्कनीत ठेवा.

दाणेकूट
एअर फ्रायरचं एक सांगायचं राहिलं. वाँटन हलके असतात, पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला लागतात. माझा एक तिथेच जळाला. वर छोटी जाळी ठेवा. १८० ते १९० सेल्सियसला सात-आठ मिनिटं बास.

भाजका_पापड
४०० काय, माझ्या ओटीजीची धाव २५० पर्यंतच आहे हो.

ओली_कोथिंबीर
@भाजका_पापड, अहो, ते फॅरनहाइट! तुमचं २०० लावा. 

साटा_आणि_मुरड
आणि ओटीजीत वरची काडी फार जवळ असते. मधल्या कप्प्यात ठेवा, पहिली काही मिनिटं फक्त खालची काडी, मग दोन्ही.

वाटीत_मिसळ
सगळे भरण्याच्या मागे लागलात, पण वाँटनच्या वाट्या कुणी केल्या नाहीत? छोट्या मफिनच्या ट्रेमध्ये प्रत्येक खळग्यात तेल लावलेली एकेक पारी दाबून बसवायची, टोकं फुलासारखी वर येतात. ३५० फॅरनहाइट, म्हणजे १८० सेल्सियस, आठ-दहा मिनिटं. रिकाम्या भाजायच्या, गार झाल्या की डब्यात भरायच्या. तीन-चार दिवस कुरकुरीत राहतात. इथे पारी एकपदरी आणि सारण बाहेर, म्हणजे वर ज्या ज्या तक्रारी झाल्या त्यातली एकही उरत नाही.

मी मटकीची घट्ट उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू घालते. तर्री नाही. तर्री घातलीत तर वाटीची बूड सुटते आणि पाहुण्याच्या शर्टावर कोल्हापूर उमटतं. चक्का घट्ट बांधून केलेलं श्रीखंडही चालतं, फक्त वाटीला आतून पांढरं चॉकलेट वितळवून पातळ पुसून घ्या, त्यामुळे ओल पारीपर्यंत जात नाही. पण भरायचं ऐन वेळी. मी घड्याळ लावून बघितलंय: उसळ भरल्यावर वीस मिनिटं वाटी बोलते, मग मौन.

ओली_कोथिंबीर
'वाटी बोलते'! हे ठरलं. सांबारवडीचे वाँटन घरून भाजून नेते, वाट्या आणि उसळ वेगवेगळी नेऊन तिथे भरते. पुरणाचे थोडे, उलथनं बघून.

सोमवार_गुरुवार
आदल्या दिवशी भरून ठेवता येतील का? पाहुणे संध्याकाळी येतात आणि मी ऑफिसात असते.

दाणेकूट
फ्रिजमध्ये भरून ठेवू नका, रात्रीत खालची बाजू चिकट होते. भरून लगेच ट्रेवर सुटे-सुटे गोठवा, टणक झाले की पिशवीत. भाजताना वितळवायचे नाहीत. फ्रीझरमधून थेट काढून तेल लावून ओव्हनमध्ये, नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त. चीज भरणाऱ्यांनी तर गोठवल्याशिवाय भाजूच नयेत, नाहीतर चीज ट्रेवर आणि पारी रिकामी.

ओली_कोथिंबीर
मंडळी, अहवाल.

साठ सांबारवडी वाँटन, चाळीस वाट्या, वीस पुरणाचे. कोथिंबीर धुवायला शुक्रवारची रात्र गेली. आमच्या जेवणाच्या टेबलावर, सोफ्यावर, इस्त्रीच्या टेबलावर पंचे. नवऱ्याने दार उघडून पाहिलं आणि काही न बोलता परत मिटलं.

सांबारवडी मध्यंतराच्या आत संपली. शेजारची म्हणाली, यात कोणती भाजी आहे? कोथिंबीर म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला कोथिंबीर साबणासारखी लागते म्हणे, काही जणांना जन्मतःच तशी लागते. आणि तिने चार खाल्ले होते! तेलात खोबरं-खसखशीबरोबर गेल्याने तो वास दबला असावा, असा माझा तर्क. ज्यांना जास्त कळतं त्यांनी सांगावं.

वाट्यांचा थोडा घोळ झाला. मी ऐन वेळी भरायच्या म्हणून डबे घेऊन स्वयंपाकघरात उभी, आणि दोन आजोबा रिकाम्या वाट्याच चिप्ससारख्या सॉसमध्ये बुडवून खात सुटले. शेवटी बारा वाट्यांतच मिसळ गेली. पुरणाचे तीन फुटले. उलथनं उभं होतं, शपथ! माझ्या मते कडेला पुरण लागलं होतं.

फोटो काढायचे राहिले. रिकाम्या ट्रेचा आहे, तो टाकू का?

पुरणयंत्र
कडेला लागलंच असणार. पुरण गोळी करून ठेव मधोमध, चमच्याने पसरू नकोस. आणि मिटवताना आतली हवा बोटाने दाबून काढ, तीही फुगून शिवण उसवते.

नागपूरची_थंडी
साठच्या साठ संपल्या! आज्जीला फोन करून सांगते. ती पहिला प्रश्न विचारणार, कढी केली होती का?

ओली_कोथिंबीर
नव्हती केली. रँच सॉसमध्ये बुडवून खाल्ल्या त्यांनी. आज्जींना सांगू नकोस.

कढईबहाद्दर
पुढच्या वर्षी टॉवेल घेऊन येतो. तळूया.